आप्पांची वही आणि शॉपमधला जुना पीसी

तीन नंबरच्या व्हीएमसीची (धातू कापणाऱ्या, संगणकावर चालणाऱ्या मशीनची) बॅटरी एका पोरानं मशीन बंद करून काढली, तिथून हे सगळं सुरू झालं.

या मशीनच्या प्रत्येक ॲक्सिसच्या, म्हणजे हालचालीच्या दिशेच्या, मोटरमागे एन्कोडर असतो. वीज गेली तरी टेबल नेमकं कुठं उभं आहे हे त्याच्या लक्षात राहतं, ते एका छोट्या बॅटरीच्या जोरावर. मशीन चालू असताना एन्कोडरला कंट्रोलकडून वीज मिळत असते, म्हणून बॅटरी बदलायची ती मशीन चालू ठेवूनच. त्या पोरानं मेन स्विच पाडला, बॅटरी काढली आणि नवी आणायला स्टोअरला गेला. विजेच्या कामात आधी सप्लाय बंद करायचा हे त्याला शिकवलेलं होतं, त्यानं तेच केलं. परत येईपर्यंत तिन्ही ॲक्सिसचा रेफरन्स, म्हणजे मोजणीची मूळ जागा, गेला होता. तो पुन्हा बसवून पहिला जॉब पास व्हायला दीड दिवस लागला.

आमच्या शॉपमधल्या जुन्या-जाणत्या आप्पांच्या दुरुस्तीच्या वहीत हे लाल शाईनं, चौकट करून लिहिलेलं होतं: "ब्याटरी बदलताना मशीन चालू पाहिजे." पण आप्पा तेव्हा वारीला गेले होते आणि वही त्यांच्या कपाटात कुलपात होती.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मेंटेनन्स बघते. फाउंड्रीतून कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) येतात, आम्ही ती मशिनिंग करून देतो. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा आणि अकरा वर्षांचा अनुभव आहे. सर्व्हर, वेबसाइट हे माझं शिक्षण नाही. पण येत्या मार्चमध्ये आप्पा रिटायर होणार आहेत, आणि ती वही कपाटाबाहेर, सगळ्यांना वाचता येईल अशा साइटवर आणायची हे मी त्या दीड दिवसात ठरवलं. ती मराठीतच राहिली पाहिजे, ती वाचणाऱ्या माणसालाच ती दुरुस्त करता आली पाहिजे, आणि ती आमच्याच शॉपमध्ये राहिली पाहिजे, अशा माझ्या तीन अटी होत्या. इंटरनेटवरच्या एखाद्या सेवेत महिन्याचे पैसे भरून हे झालं असतं. पण शॉपच्या आत मोबाइलला धड रेंज नसते, आणि ज्या दिवशी पैसे भरायचे थांबतील त्या दिवशी तीस वर्षांचं ज्ञान कुणाच्या हातात असेल, हा प्रश्न मला सोडत नव्हता.

सॉफ्टवेअर निवडताना आधी मी एमकेडॉक्स लावून पाहिलं. दिसायला फार देखणं आहे. मार्कडाउनमध्ये (साध्या खुणा घातलेल्या मजकुरात) फाइली लिहायच्या, एक कमांड द्यायची, तयार साइट बाहेर पडते. पण प्रत्येक दुरुस्तीनंतर ती कमांड कुणीतरी द्यावी लागते. रात्रपाळीच्या सेटरला (मशीनवर जॉब लावणाऱ्याला) एक ओळ बदलायची तर त्यानं ती मला सांगायची आणि मी सकाळी बदलायची, म्हणजे आप्पांच्या कपाटाच्या जागी माझं कपाट आलं, एवढंच. बुकस्टॅक त्या मानानं खूप आवडलं. शेल्फ, पुस्तक, प्रकरण, पान अशी त्याची रचना कुणालाही एका मिनिटात कळते. ज्यांच्याकडे सर्व्हर सांभाळणारा माणूस आहे त्यांनी तेच घ्यावं असं माझं मत आहे. पण त्याला मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा डेटाबेस लागतो. बॅकअप डेटाबेसचा वेगळा आणि चढवलेल्या फोटोंचा वेगळा. मी नोकरी सोडली तर मागे राहणाऱ्याला हे जमेल का, याचं उत्तर मला प्रामाणिकपणे "नाही" असं मिळालं.

म्हणून डोकूविकी, म्हणजे वाचणाऱ्यालाच ब्राउझरमध्ये पानं बदलता येतात असं सॉफ्टवेअर. आन्द्रेआस गोर या जर्मन प्रोग्रामरनं २००४ मध्ये ते सुरू केलं. पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेलं, मुक्त परवान्याचं. डेटाबेस अजिबात नाही. प्रत्येक पान म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल. उद्या डोकूविकी जगातून नाहीसं झालं तरी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडेल आणि वाचता येईल. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला.

अकाउंट्समधून निवृत्त झालेला एक पीसी होता, ४ जीबी रॅमचा. त्यात १२० जीबीची एसएसडी टाकली आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) चढवलं, डेस्कटॉपशिवाय. मग अपाची (ब्राउझरला पानं पुरवणारा वेब सर्व्हर), पीएचपी आणि पीएचपीचे तीन जोड: एक्सएमएल, एमबीस्ट्रिंग, जीडी. एमबीस्ट्रिंग विसरू नका, देवनागरीसारख्या एकाहून जास्त बाइटच्या अक्षरांची कापाकापी नीट करणं हेच त्याचं काम. डोकूविकीचं बाड उतरवून अपाचीच्या फोल्डरमध्ये उलगडलं, ब्राउझरमध्ये इन्स्टॉलचं पान उघडलं, आणि लाल ओळीच ओळी. मी रूट (लिनक्सचा मुख्य वापरकर्ता) म्हणून उलगडल्यामुळे सगळ्या फाइली रूटच्या मालकीच्या झाल्या होत्या आणि अपाचीला त्यात लिहिता येत नव्हतं. मालकी अपाचीच्या वापरकर्त्याच्या नावावर केली, पान पुन्हा उघडलं, लाल रंग गेला. साइटचं नाव, मुख्य वापरकर्ता, पासवर्ड, आणि कुणाला काय दिसावं याचं धोरण, असं मोजकंच विचारलं जातं. भाषेच्या यादीत मराठी आहे. काही बटणं अजून इंग्रजीत दिसतात, पण "शोध" आणि "जतन" आपल्या भाषेत पाहून मला फार बरं वाटलं. शेवटी इन्स्टॉलची फाइल पुसून टाकायची. ती तशीच राहू देऊ नका.

चहाच्या सुट्टीपर्यंत हे झालं होतं. झालं असं मला तेव्हा वाटलं.

एक गोष्ट मात्र आवर्जून तपासा. डोकूविकी आपल्या डेटाच्या फोल्डरला बाहेरून कुणी हात लावू नये म्हणून त्यात एचटीॲक्सेस नावाची छोटी फाइल ठेवतं. पण डेबियनवरचा अपाची मुळात अशा फाइलींकडे बघतच नाही, तशी परवानगी त्याच्या सेटिंगमध्ये वेगळी द्यावी लागते. मी ब्राउझरमध्ये डेटाच्या फोल्डरमधल्या एका पानाचा थेट पत्ता टाकून पाहिला, तर लॉगिन न करता कच्ची फाइल समोर. ॲलाऊ-ओव्हरराइड ही नोंद "नन"वरून "ऑल" केली, अपाची पुन्हा सुरू केला, तेव्हा दार बंद झालं. अपाचीऐवजी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर वापरणाऱ्यांनी तर हे नियम स्वतः हातानं लिहायचे, कारण तो एचटीॲक्सेस ओळखतच नाही.

पीसीच्या बायोसमध्ये "वीज आल्यावर आपोआप सुरू" हा पर्याय चालू केला, राउटरवर त्याचा आयपी पत्ता कायमचा बांधून दिला, आणि छोटा यूपीएस लावला. शॉपच्या नेटवर्कबाहेरून हा पीसी दिसत नाही. घरून बघता येईल का असं मालकांनी विचारलं होतं. राउटरवर दार उघडून द्यायला मी नको म्हणाले, आणि त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून पानं लिहायला बसले. त्यातल्या एका पानाचं नाव ठेवलं "स्पिंडल अलार्म आल्यावर काय करायचं". तासभर टाइप केलं, जतन दाबलं, जतन होईना. छोट्या नावाची पानं होत होती, हे होत नव्हतं. परवानग्या पाहिल्या, डिस्क पाहिली, सगळं ठीक. मग फोल्डर उघडून आधीच्या फाइलींची नावं पाहिली तेव्हा उलगडलं. डोकूविकी पानाच्या नावाचीच फाइल करतं, आणि मुळात ते नाव टक्क्याच्या खुणांच्या इंग्रजी रूपात लिहितं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) ३ बाइटचं. प्रत्येक बाइट लिहायला एक टक्क्याची खूण आणि दोन अक्षरं, म्हणजे पुन्हा ३. एका चिन्हाला ९ जागा झाल्या. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे सुटे मोजले जातात. माझ्या त्या नावात अशी २९ चिन्हं आहेत. २९ गुणिले ९ म्हणजे २६१, आणि लिनक्सवर एका फाइलच्या नावाला मर्यादा २५५ बाइटची. इंग्रजीत दोनशे अक्षरांचं नाव बिनबोभाट चालतं आणि मराठीत सत्ताविसाच्या पुढे गाडी अडते. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही हे मला कळतं, पण त्या संध्याकाळी मनाला लागलं.

सेटिंगमध्ये फाइलींची नावं थेट यूटीएफ-८ मध्ये ठेवायचा पर्याय आहे. तो निवडला की एका चिन्हाला ३च बाइट. मी तो निवडला आणि तोवर लिहिलेली चौदाच्या चौदा पानं साइटवरून नाहीशी झाली. पोटात गोळा आला. फाइली जागेवरच होत्या, पण डोकूविकी आता त्यांना नव्या रूपातल्या नावानं शोधत होतं आणि त्या जुन्या रूपात पडून होत्या. एकेक फाइलीचं नाव बदललं, पानं परत आली. तेव्हा मराठीत साइट काढणार असाल तर हा पर्याय पहिलं पान लिहायच्या आधी ठरवा.

पुढे मशीनच्या पानांसाठी मी आणखी एक वाट धरली. पानाचं खरं नाव इंग्रजीत दोन-चार अक्षरांचं, आणि आतलं पहिलं शीर्षक मराठीत. "शीर्षक हेच नाव म्हणून दाखवा" असा पर्याय आहे, तो चालू केला की यादीत सगळीकडे मराठीच दिसतं. याचा फायदा क्यूआर कोडला झाला. प्रत्येक मशीनच्या पॅनलवर मी क्यूआर चिकटवलाय, मोबाइलनं स्कॅन केला की त्या मशीनचं पान उघडतं. मराठी पत्त्याचा क्यूआर इतका दाट येत होता की कूलंट (धातू कापताना सोडायचा थंडाव्याचा द्रव) उडालेल्या स्टिकरवरून तो वाचलाच जात नव्हता. छोट्या पत्त्याचा ठळक येतो, तेलकट हातानं पुसला तरी चालतो.

आता शोधाबद्दल, कारण माझे खरे आठवडे त्यात गेले.

डोकूविकी मुळात अख्खा शब्द जुळला तरच पान दाखवतं. इंग्रजीत तेवढ्यानं भागत असेल. आपण "पंप" असा सुटा शब्द लिहितोच कधी? पंपाचा, पंपाला, पंपातून, पंपाखालची. "पंप" शोधलं तर यातलं एकही पान येत नव्हतं. सेटिंगमध्ये "शब्दाची सुरुवात जुळली तरी चालेल" असा पर्याय सापडला, तो लावला आणि निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं आपल्या व्याकरणात आहे. "पट्टा" शोधणाऱ्याला "पट्ट्याचा ताण" हे पान मिळत नाही, कारण विभक्ती लागताना शब्दच बदलतो. "पाणी" आणि "पाण्याचा" यांची तीच गत. आमच्याकडे कूलंटला निम्मी माणसं पाणीच म्हणतात, आणि लिहिणारे कूलंट, कुलंट, कुलन्ट असं तीन तऱ्हांनी लिहितात.

यावर मी यंत्राचा उपाय शोधत बसले नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी "असंही म्हणतात" अशी एक ओळ ठेवली. कूलंटच्या पानाखाली: पाणी, पाण्याचा, कुलंट, कुलन्ट, दूध. हो, दूधही, कारण नवं मिसळलेलं कूलंट तसंच दिसतं आणि दोन जण त्याला तेच म्हणतात. ही ओळ लिहायला मी महिनाभर शॉपमध्ये कान देऊन फिरले. कुणी काय म्हणतं ते खिशातल्या कागदावर टिपलं. आपली माणसं एका वस्तूला किती नावांनी हाक मारतात हे इतक्या वर्षांत मी कधी असं ऐकलंच नव्हतं, आणि या कामातला हा भाग मला सर्वांत प्रिय आहे.

एक गुंता तरीही राहिला होता. चुऱ्याच्या ट्रॉलीबद्दलचं पान "चुऱ्याची" शोधून सापडेना. डोळ्यांना शब्द हुबेहूब तोच. आपला हा आडवा र दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, तर काही कीबोर्डवर साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर. कागदावर एकच शब्द, यंत्राच्या लेखी दोन. दुसऱ्या, चुऱ्या, सुऱ्या, सगळ्यांचं हेच. रात्री चालणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, ती सगळ्या फाइलींमधला दुसरा प्रकार पहिल्यात बदलते. फाइली अशा बाहेरून बदलल्या की डोकूविकीच्या शोधसूचीला पत्ता लागत नाही, म्हणून त्याच्याबरोबर येणारी इंडेक्सरची कमांडही लगेच चालवते. शॉपमधल्या टर्मिनलवर एकच कीबोर्ड ठेवलाय. पानं साध्या टेक्स्ट फाइली आहेत म्हणूनच हे मला जमलं.

बाकीच्या अडचणी लवकर सुटल्या. मोबाइलचे फोटो चढत नव्हते, कारण पीएचपीची मूळ मर्यादा २ एमबीची आहे आणि आजकालचा फोटो सहज त्याच्या पुढे जातो. ती १६ केली, आणि तिच्या जोडीची पोस्टची (एका वेळी पाठवायच्या एकूण डेटाची) मर्यादा २० केली. तिसऱ्या पाळीनं रात्री दोनला केलेली दुरुस्ती आदल्या दिवशीच्या रात्री साडेआठची म्हणून दिसत होती, कारण पीएचपीला वेळेचा पट्टा सांगितला नव्हता आणि ते ग्रीनिचची वेळ धरून बसलं होतं. आमच्याकडे कुठल्या पाळीत काय झालं याला फार महत्त्व असतं, म्हणून हे लगेच नीट केलं. वाचायला लॉगिन लागत नाही. लिहायला लागतं, आणि लॉगिनचं नाव म्हणजे ज्याचा त्याचा टोकन नंबर. मशीनच्या पॅरामीटरची पानं तेवढी माझ्याशिवाय फक्त एकालाच बदलता येतात.

बॅकअप रोज रात्री ऑफिसच्या दुसऱ्या पीसीवर जातो. पानं, त्यांच्या जुन्या आवृत्त्या, फोटो आणि सेटिंगचं फोल्डर. कॅशे (तात्पुरती साठवण) आणि शोधसूची सोडून देते, त्या पुन्हा तयार होतात. तो नुसता ठेवून मला झोप येईना, म्हणून एका सुट्टीत घरच्या लॅपटॉपवर नवं डोकूविकी उलगडून त्यात ती फोल्डरं टाकून पाहिली. पंधरा मिनिटांत अख्खी वही माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडली. शोधसूची बांधून घेतली की काम झालं.

आता आप्पांबद्दल. वही मागायला गेले तेव्हा ते म्हणाले, "पोरी, वही काय पळून चाललीया व्हय? मी आहे की अजून." मी वही नेली नाही. रोज जेवणानंतर अर्धा तास त्यांच्या शेजारी बसले, ते वाचायचे आणि मी टाइप करायची. वाचता वाचता ते वहीत नसलेलं सांगू लागले. स्पिंडलच्या बेअरिंगचा आवाज हाताच्या पंजात कसा लागतो, पावसाळ्यात एअर लाइनमधलं पाणी दिवसातून किती वेळा सोडायचं, कुठल्या फिक्श्चरचा कुठला क्लॅम्प खोटं बोलतो. "खोटं बोलतो" हे मी तसंच ठेवलंय. "क्लॅम्पिंग दाबाचं चुकीचं निदर्शन" असं लिहिलं तर ते कुणीच शोधणार नाही.

बॅटरीचं पान सर्वांत आधी लिहिलं. ती लाल चौकट मी मोबाइलवर फोटो काढून पानाच्या डोक्यावर लावली, आप्पांच्या अक्षरासकट.

गेल्या आठवड्यात त्या पानात एक ओळ वाढली. तिसऱ्या पाळीच्या सेटरनं लिहिलं होतं की चार नंबरच्या मशीनला बॅटरीचा डबा पॅनलच्या आत आहे, मागे नाही, आणि तिथं हात घालताना शेजारच्या फ्यूजपासून जपायचं. सकाळी मी आप्पांना ते दाखवलं. त्यांच्या पानाला दुसऱ्यानं हात लावलेला त्यांना कसा लागेल याची मला धास्ती होती. जुन्या आवृत्तीशी तुलना उघडून दिली: डावीकडे त्यांचं, उजवीकडे नवं. चष्मा पुसून त्यांनी ते दोनदा वाचलं.

"ह्ये कुणी लिवलंय?"

मी टोकन नंबर सांगितला. ते काही बोलले नाहीत, उठून चार नंबरकडे गेले, मशीन चालू असतानाच पॅनल उघडून टॉर्च मारून पाहिलं आणि परत येऊन खुर्चीत बसले.

"बरोबर हाय त्येचं. फोटू काढून लाव तितं. शब्दानं कळायचं न्हाई कुणाला."

वहीची एकशे चाळीस पानं आहेत, त्यातली एकसष्ट झाली. उद्या लुब्रिकेशनच्या पॉइंटचं त्यांनी हातानं काढलेलं चित्र घ्यायचंय, ते दोन पानांवर पसरलंय आणि मध्ये शिवण आली आहे.